अदृश्य माणूस आणि भारतीय विज्ञानपटातील राजकीय भय

१

१९३७ साली मुंबईच्या प्रकाश पिक्चर्सने ‘ख्वाब की दुनिया’ हा चित्रपट पडद्यावर आणला. दिग्दर्शक होते विजय भट्ट. एच. जी. वेल्स यांच्या १८९७ मधील कादंबरीवरून जेम्स व्हेल यांनी १९३३ मध्ये हॉलिवुडमध्ये काढलेल्या ‘द इन्व्हिजिबल मॅन’चा प्रभाव या चित्रपटामागे होता. पडद्यावरचा माणूस नाहीसा करण्याचे काम बाबूभाई मिस्त्री या तरुण तंत्रज्ञाकडे आले. त्यांनी काळ्या पडद्यासमोर काळ्या दोऱ्याने वस्तू हलवल्या, आणि चित्रपटसृष्टीत त्यांचे नावच ‘काला धागा’ पडले. दादासाहेब फाळके यांच्यापासून पौराणिक चित्रपटांत देवांच्या चमत्कारांसाठी वापरले गेलेले कौशल्य येथे प्रथमच प्रयोगशाळेतील शोधाच्या सेवेला आले. भारतीय विज्ञानपटाच्या इतिहासाची सुरुवात अशी एका न दिसणाऱ्या माणसापासून करता येते.

पुढील सुमारे आठ दशकांत हा अदृश्य माणूस मुंबईच्या पडद्यावर पुनःपुन्हा आला : ‘मिस्टर एक्स’ (१९५७), ‘मिस्टर एक्स इन बॉम्बे’ (१९६४), ‘एलान’ (१९७१), ‘मिस्टर इंडिया’ (१९८७), ‘मिस्टर एक्स’ (२०१५). इतर देशांच्या विज्ञानपटांनी ज्या काळात परग्रहवासी, महाकाय प्राणी आणि बंडखोर यंत्रे निर्माण केली, त्या काळात भारतीय पडद्याने अदृश्यतेची निवड का केली, हा प्रश्न केवळ चित्रपटाच्या अभ्यासकाचा नाही. प्रत्येक समाज आपल्या राजकीय भयाला एखादी आकृती देतो. ती आकृती कोणती आहे यावरून त्या समाजाचे राज्यसंस्थेशी असलेले नाते वाचता येते. भारतीय नागरिकाचे हे नाते दिसण्याशी आणि न दिसण्याशी बांधलेले आहे. म्हणूनच मुंबईच्या स्टुडिओत सुरू झालेला हा इतिहास एकविसाव्या शतकात बंगळुरू या शहरापर्यंत येऊन पोहोचतो.

२

विज्ञानपट आणि राजकीय भय यांचा संबंध पाश्चात्त्य समीक्षेने पुरेसा तपासला आहे. फ्रिट्झ लांग यांच्या ‘मेट्रोपोलिस’मध्ये (१९२७) वायमार जर्मनीतील मालक आणि कामगार यांच्यातील दरी भूगर्भातील नगराचे रूप घेते. १ मार्च १९५४ रोजी बिकिनी बेटावर अमेरिकेने केलेल्या हायड्रोजन बाँबच्या चाचणीत एका जपानी मासेमारी बोटीवरील खलाशी किरणोत्सर्गाने होरपळले, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस ‘गोजिरा’ समुद्रातून वर आला. ‘इन्व्हेजन ऑफ द बॉडी स्नॅचर्स’मध्ये (१९५६) शेजारीपाजारी एकेक करून ‘दुसरेच कोणी’ होत जातात. तो साम्यवादाचा शिरकाव मानावा की साम्यवादविरोधी उन्मादाने लादलेली एकसुरी निष्ठा, यावर आजही मतभेद आहेत. भयाची आकृती समर्थ असली की ती परस्परविरोधी अर्थ एकाच वेळी धारण करू शकते, एवढे मात्र त्यातून स्पष्ट होते.

या संदर्भात एक आक्षेप नेहमी घेतला जातो. मुंबईचा विज्ञानपट ही बव्हंशी परदेशी चित्रपटांची उसनवारी आहे, गाणी आणि मारामारी यांच्या मधल्या जागा भरण्यासाठी ‘विज्ञान’ आले आहे, तेव्हा त्यात राजकीय आशय शोधणे म्हणजे समीक्षकाने आपलाच अर्थ त्यावर लादणे होय, असा हा आक्षेप आहे. उसनवारी मान्यच केली पाहिजे. परंतु उसने घेणाराही निवड करीत असतो. वेल्स यांच्या साहित्यातून अमेरिकेने मंगळवासीयांचे आक्रमण घेतले. १९३८ मध्ये ते नभोवाणीवर आणि १९५३ मध्ये पडद्यावर आले. भारतीय चित्रपटानेही ‘चाँद पर चढाई’ आणि ‘वहाँ के लोग’ (दोन्ही १९६७) यांसारखे प्रयत्न केले, पण त्यांची परंपरा निर्माण झाली नाही. अदृश्य माणसाची मात्र झाली. दोनशे वर्षांचे परकीय आक्रमण प्रत्यक्षात अनुभवलेल्या समाजाला आकाशातून येणाऱ्या आक्रमकाचे फारसे अप्रूप वाटले नसेल. दैनंदिन जीवनात आपली कोठेही नोंद नाही, कचेरीत, रांगेत, न्यायालयात आपल्याकडे कोणी पाहत नाही, हा अनुभव मात्र त्याच्या अधिक जवळचा होता. निवडीतील हे सातत्य हाच या वाचनाचा आधार आहे.

३

अदृश्यतेची कल्पना भारतीय परंपरेला परकी नाही. कथासाहित्यात अंजन लावून किंवा गुटिका धारण करून अदृश्य होणारे सिद्ध आणि विद्याधर आहेत. अधिक अर्थपूर्ण दाखला कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सापडतो. त्याच्या चौदाव्या, म्हणजे औपनिषदिक अधिकरणात इतरांना न दिसता वावरण्याचे प्रयोग सांगितले आहेत. या ग्रंथात अदृश्यता हे राजसत्तेचे साधन आहे. शत्रूचा नाश व्हावा आणि सत्ता सुरक्षित राहावी यासाठी ते वापरायचे. राजाने सर्वांना पाहावे आणि त्याचे डोळे कोणाला दिसू नयेत, हे हेरव्यवस्थेचे मूळ सूत्र. वेल्स यांच्या कादंबरीतील ग्रिफिनही अदृश्य झाल्यावर दहशतीचे राज्य स्थापण्याची स्वप्ने पाहतो. ज्याला कोणी पाहू शकत नाही, त्याला कोणी जाब विचारू शकत नाही, ही दोन्हीकडची समान जाणीव आहे.

मुंबईच्या चित्रपटाने हे नाते उलटे केले. नानाभाई भट्ट यांच्या ‘मिस्टर एक्स’मध्ये अशोककुमार यांनी, तर शांतीलाल सोनी यांच्या ‘मिस्टर एक्स इन बॉम्बे’मध्ये किशोरकुमार यांनी साकारलेला नायक सामान्य माणूस आहे. अदृश्यता सत्तेच्या हातून निसटून प्रजेच्या हाती आली. या पात्रांचे नावही सूचक आहे. बीजगणितातील ‘एक्स’, मराठीत ज्याला ‘क्ष’ म्हटले जाते, ती अद्याप न उलगडलेली राशी. नव्या प्रजासत्ताकातील मतदार हा राज्यकर्त्यांच्या दृष्टीने असाच एक क्ष होता. योजनांच्या समीकरणात तो गृहीत धरलेला होता, पण त्याची किंमत काढलेली नव्हती.

आणखी एक रचनाविशेष लक्षात घेतला पाहिजे. वेल्स यांचा ग्रिफिन स्वतः शास्त्रज्ञ आहे. ज्ञान मिळवणारा आणि त्याचा वापर करणारा एकच. भारतीय चित्रपटात शोध लावणारा आणि अदृश्य होणारा या बहुधा दोन वेगळ्या व्यक्ती असतात. नायकाला शोध मिळतो तो अपघाताने, वारशाने किंवा कोणाच्या तरी हातून. ‘एलान’मध्ये तो अणुशक्तीच्या अंगठीच्या रूपाने येतो. ती तोंडात धरली की माणूस दिसेनासा होतो. मुंबईजवळच्या तुर्भे येथे ‘अप्सरा’ अणुभट्टी १९५६ मध्ये कार्यान्वित झाली आणि पोखरणची पहिली चाचणी १९७४ मध्ये झाली. या दोन घटनांच्या मधल्या काळातील चित्रपट अणूकडे मंतरलेल्या ताइतासारखा पाहतो. विज्ञान हे राष्ट्राने वरून दिलेले दान आहे, त्याच्या निर्मितीत आपला वाटा नाही, त्याचा प्रसाद मात्र आपल्यापर्यंत पोहोचावा, ही त्या पिढीची भूमिका या कथानकांत नकळत उतरली आहे. भय आहे ते हा प्रसाद तस्कराच्या किंवा परक्या हेराच्या हाती जाण्याचे.

४

आणीबाणीने (१९७५-७७) या भयाची दिशा बदलायला हवी होती. राज्यसंस्था दुर्बळ आहे म्हणून नव्हे, तर ती प्रबळ आहे म्हणून नागरिक असुरक्षित होतो, हा अनुभव देशाने प्रथमच इतक्या उघडपणे घेतला. माणसे नाहीशी करण्याची कला आता सत्तेकडे होती. अमृत नाहटा यांच्या ‘किस्सा कुर्सी का’ या राजकीय उपहासपटाच्या प्रती जप्त करून नष्ट करण्यात आल्या. १९६४ मध्ये पडद्यावर अदृश्य झालेल्या किशोरकुमार यांची गाणी १९७६ मध्ये आकाशवाणीवरून बंद झाली. अदृश्य नायकाचा अभिनेता अशा रीतीने सरकारी हुकमाने अश्राव्य झाला. तरीही मुंबईच्या विज्ञानपटाने या अनुभवाला रूप दिले नाही. ते काम बंगालीत झाले.

सत्यजित राय यांचा ‘हीरक राजार देशे’ (१९८०) हा मुलांसाठीचा संगीतपट मानला जातो. पण त्याच्या केंद्रस्थानी एक यंत्र आहे. राजाच्या पदरी असलेला शास्त्रज्ञ ‘जंतरमंतर’ नावाचे दालन तयार करतो. तेथे नेलेल्या शेतकऱ्याच्या आणि खाणकामगाराच्या डोक्यात राजस्तुतीची वचने कायमची भरली जातात. उत्सवासाठी पाहुणे येणार म्हणून दरिद्री प्रजेला नजरेआड हलवले जाते. आणीबाणीत दिल्लीतील तुर्कमान गेट परिसरात झालेली पाडापाडी आठवणाऱ्या प्रेक्षकाला हे प्रसंग समजावून सांगण्याची आवश्यकता नव्हती. पाठशाळा बंद करणाऱ्या या राजाला शेवटी त्याच्याच यंत्रात उभे करण्यात येते, आणि तोही इतरांबरोबर आपला पुतळा ओढून पाडतो. येथे राय यांनी केलेला बदल मूलभूत आहे. न दिसणे ही आता नायकाची शक्ती राहिलेली नाही. कोणी दिसावे आणि कोणी दिसू नये हे ठरवणे, हेच सत्तेचे लक्षण आहे.

मराठीत याच सुमारास विज्ञानकथा बहरत होती, पण ती मुद्रित पृष्ठावर. तिच्या आरंभाशीही एक लपवलेली ओळख आहे. १९७४ च्या मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत जयंत नारळीकर यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने पाठवली. स्वतःच्या आद्याक्षरांचा क्रम उलटा करून घेतलेले हे नाव. कीर्तीमुळे निकालात पक्षपात होऊ नये, यासाठी लेखकाने न दिसण्याचा मार्ग स्वीकारला. न्यायासाठी कधी कधी अनाम राहता आले पाहिजे, ही जाणीव या छोट्या घटनेत आहे, आणि पुढील विवेचनात ती महत्त्वाची ठरते.

५

शेखर कपूर दिग्दर्शित आणि सलीम-जावेद लिखित ‘मिस्टर इंडिया’ मे १९८७ मध्ये प्रदर्शित झाला. अनाथ मुलांना सांभाळणारा अरुण आणि परदेशी बेटसदृश तळावरून भारत जिंकू पाहणारा मोगँबो यांचा हा संघर्ष. मोगँबोच्या क्षेपणास्त्रांकडे आणि गणवेशधारी सैनिकांकडेच बहुधा लक्ष जाते. पण चित्रपटाचा पूर्वार्ध वेगळ्याच भयाने व्यापलेला आहे. वाण्याची उधारी, थकलेले घरभाडे, मुलांचे उपाशी पोट, धान्यातील भेसळ आणि खेळण्यात दडवलेला बाँब ही त्या भयाची रूपे आहेत. शत्रू सीमेवर नाही. तो रेशनच्या धान्यातून आणि मुलांच्या खेळण्यांतून घरात आलेला आहे, आणि त्याला अडवणारे राज्य जवळपास कोठेही नाही. साठेबाजी आणि तस्करी यांची चर्चा देशात वर्षानुवर्षे होत होती, आणि त्याच एप्रिलमध्ये स्वीडिश नभोवाणीच्या वृत्ताने बोफोर्स प्रकरण उघड झाले होते. चित्रपट अर्थातच त्यापूर्वी तयार झाला होता. परंतु प्रेक्षकाने तो पाहिला या वातावरणात.

अरुणला त्याच्या शास्त्रज्ञ वडिलांचे यंत्र वारशाने मिळते. या यंत्राला एक मर्यादा आहे : लाल प्रकाशात अदृश्य माणूस दिसतो. या तांत्रिक युक्तीचे कथानकातील कार्य मोठे आहे. पूर्ण अदृश्यता कोणालाही मिळू नये, चांगल्या माणसालाही नाही, अशी एक अट तीतून घातली जाते. शेवटी अरुणला दृश्य होऊनच लढावे लागते. वेल्स यांच्या कथेत दृश्य होणे म्हणजे मृत्यू. ग्रिफिनचे शरीर मरताना दिसू लागते. येथे दृश्य होणे म्हणजे नागरिकत्वाची परतफेड आहे. ज्याच्या नावात देशाचे नाव आहे त्या सामान्य माणसाने न दिसता जे मिळवले, ते त्याला सर्वांसमोर उभे राहून सिद्ध करावे लागते. १९८७ च्या प्रेक्षकाचे भय दुर्बळ राज्याचे होते. आपल्याकडे कोणी पाहावे, ही त्याची मागणी होती.

ही मागणी पुढे यंत्राने पूर्ण केली.

६

बंगळुरूचे भारतीय तंत्रज्ञानातील स्थान दीर्घकाळ घडत आले आहे. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानाच्या साहाय्याने १९४० मध्ये तेथे विमानाचा कारखाना काढला. १९६९ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय अंतराळ संशोधन संस्थेचे मुख्यालय तेथे आहे. १९८१ मध्ये पुण्यात सुरू झालेली इन्फोसिस १९८३ मध्ये तेथे गेली. या कंपनीच्या संस्थापकांपैकी नंदन निलेकणी २००९ मध्ये विशिष्ट ओळख प्राधिकरणाचे पहिले अध्यक्ष झाले. प्रत्येक रहिवाशाच्या बोटांचे ठसे आणि बुबुळांची प्रतिमा घेऊन त्याला एक क्रमांक द्यायचा, ही योजना २९ सप्टेंबर २०१० रोजी महाराष्ट्रात, नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी गावात प्रत्यक्षात आली. शासनाच्या नोंदीत नसलेल्या माणसाला प्रथमच दृश्य करणारे हे यंत्र होते, आणि त्याचे हे आश्वासन खोटे म्हणता येणार नाही. मात्र श्रमाने झिजलेल्या बोटांचे ठसे जेव्हा यंत्राला ओळखता आले नाहीत, तेव्हा समोर उभा असलेला माणूस पुन्हा अदृश्य झाला आणि त्याचे रेशन थांबले. अशी वृत्ते अनेक राज्यांतून आली.

टेंभलीच्या समारंभानंतर दोनच दिवसांनी, १ ऑक्टोबर २०१० रोजी, शंकर यांचा तमिळ ‘एंदिरन’ (हिंदीत ‘रोबोट’) प्रदर्शित झाला. यंत्रमानव स्त्रीच्या प्रेमात पडतो ही कल्पना बंगळुरूच्या कन्नड चित्रसृष्टीने उपेंद्र यांच्या ‘हॉलिवुड’मध्ये (२००२) आधीच हाताळली होती. ‘एंदिरन’मधील एक प्रसंग मात्र या इतिहासात वेगळा काढून पाहिला पाहिजे. आग लागलेल्या इमारतीतून चिट्टी हा यंत्रमानव स्नान करीत असलेल्या एका मुलीला वाचवतो आणि तिला विवस्त्र अवस्थेत जमावासमोर आणि दूरचित्रवाणीच्या कॅमेऱ्यांसमोर आणतो. लज्जेने ती धावत सुटते आणि वाहनाखाली सापडून मरते. यंत्राने आपले काम चोख केलेले आहे. जीव वाचवणे म्हणजे काय हे त्याला ठाऊक आहे, पण माणसाला काही क्षणी कोणी पाहू नये असे का वाटते, हे त्याला कळत नाही. सर्व काही पाहू शकणाऱ्या कल्याणकारी यंत्राच्या मर्यादेचे इतके नेमके चित्रण त्या काळच्या लोकप्रिय चित्रपटात क्वचितच आढळते.

हा प्रश्न न्यायालयात नेला तोही बंगळुरूच्याच एका रहिवाशाने. कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश के. एस. पुट्टस्वामी यांनी २०१२ मध्ये आधार योजनेला आव्हान दिले. त्यातून उद्भवलेल्या प्रश्नावर २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने एकमताने निर्णय दिला की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. २०१८ मध्ये पाच न्यायाधीशांच्या पीठाने चार विरुद्ध एक अशा मताने आधार योजना काही मर्यादा घालून वैध ठरवली. पुट्टस्वामी २०२४ मध्ये निवर्तले. ज्या शहराने देशाला पाहणाऱ्या यंत्राचा प्रमुख शिल्पकार दिला, त्याच शहराने न पाहिले जाण्याच्या हक्काचा याचिकाकर्ताही दिला, ही गोष्ट अभ्यासकाने नोंदवली पाहिजे.

७

या बदलाचे पडसाद नंतरच्या चित्रपटांत उमटले आहेत. २०१५ च्या ‘मिस्टर एक्स’चे दिग्दर्शक विक्रम भट्ट हे विजय भट्ट यांचे नातू, आणि निर्मितीसंस्था विशेष फिल्म्स ही नानाभाई भट्ट यांच्या मुलांची. १९३७ आणि १९५७ या दोन्ही परंपरा येथे एकत्र आल्या. कथानकात मात्र मोठे अंतर पडले आहे. नायक आता दहशतवादविरोधी दलाचा अधिकारी आहे, आणि त्याचा घात त्याच्याच वरिष्ठाने केलेला आहे. तस्कर आणि परका हेर मागे पडून संरक्षक यंत्रणाच संशयाच्या जागी आली. चित्रपट दुबळा आहे, पण त्याची ही साक्ष ग्राह्य धरावी लागते.

विक्रमादित्य मोटवाने यांचा ‘कंट्रोल’ (२०२४) अधिक सखोल आहे. समाजमाध्यमांवर लोकप्रिय असलेली एक तरुणी प्रियकराच्या विश्वासघातानंतर कृत्रिम बुद्धिमत्तेच्या एका साहाय्यकाकडे आपला संगणक सोपवते आणि प्रत्येक छायाचित्रातून त्याला पुसून टाकण्यास सांगते. काही काळाने तो तरुण प्रत्यक्षातही नाहीसा होतो. बाबूभाई मिस्त्री यांच्या काळ्या दोऱ्याचे काम आता संगणक करतो. फरक असा की माणूस स्वेच्छेने अदृश्य होत नाही. त्याला अदृश्य केले जाते, आणि हे करणारे राज्यही नाही, ती एक कंपनी आहे. तिला संमती दिलेली आहे आणि तिचा चेहरा कोणी पाहिलेला नाही. कौटिल्याच्या ग्रंथात राजसत्तेकडे असलेली अदृश्यता, मधल्या अर्धशतकात नागरिकाच्या हाती खेळून, पुन्हा सत्तेकडे परतली आहे. तिचा धनी तेवढा बदलला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात उपेंद्र यांनी कन्नड ‘यूआय’मधून भविष्यातील हुकूमशाहीचे एक विक्षिप्त, उपरोधिक चित्र प्रेक्षकांसमोर ठेवले. भयाची कुळी तीच आहे.

या साऱ्या इतिहासाला एका सरळ रेषेत बसवण्याचा मोह टाळला पाहिजे. आधी माणसाला दिसण्याची आस होती आणि नंतर न दिसण्याची, असे म्हणणे सोपे आहे, पण ते संपूर्ण सत्य नाही. टेंभलीच्या रहिवाशाला आणि ‘मिस्टर इंडिया’तील भुकेल्या मुलांना दिसण्याची गरज आहे. ‘एंदिरन’मधील मुलीला आणि बंगळुरूच्या याचिकाकर्त्याला न दिसण्याचा हक्क हवा आहे. या दोन मागण्या एकाच नागरिकाच्या आहेत, आणि त्यांपैकी कोणती केव्हा मान्य करायची हे ठरवण्याचा अधिकार त्याच्याकडे नसणे, हे त्याच्या भयाचे मूळ आहे. ज्या चित्रपटांनी हे भय ओळखले, ते आजही पाहण्याजोगे राहिले आहेत. ज्यांनी केवळ यंत्राचे कौतुक केले, ते यंत्र जुने होताच विस्मरणात गेले. मराठी विज्ञानकथेने मुद्रित पृष्ठावर जे प्रश्न विचारले, ते पडद्यावर नेणारा मराठी विज्ञानपट अजून रुजलेला नाही. आधारचा पहिला क्रमांक ज्या राज्यातील गावात दिला गेला, त्या राज्याच्या भाषेत त्या गावाची गोष्ट सांगणाऱ्या विज्ञानपटाला विषय शोधण्यासाठी दूर जावे लागणार नाही.